पुढच्या बंपरवरची बोटं

पाऊस ओसरला की आमच्याकडे गंज दिसायला लागतो. धरलेला असतो तो पावसातच. पण चार महिने सगळंच ओलं आणि काळपट असल्यामुळे कुणाच्या नजरेत येत नाही. मग भाद्रपदात एखाद्या दुपारी चरचरीत ऊन पडतं आणि दाराच्या कड्या, खिडकीचे गज, कपडे वाळत घालायची तार, फाटकाची बिजागरी, सगळं एकदम तांबडं होऊन समोर येतं. शेतात हळवं भात पिवळं पडायला लागलेलं असतं, त्याच सुमाराला घरातलं लोखंड तांबडं पडतं. माझ्या लेखी हा एक वेगळा ऋतूच आहे. पंचांगात त्याला नाव नाही.

यंदाही तो आला. परवा फाटक लावताना कडीचा रंग हाताला लागला. ओल्या लोखंडाचा तो वास धुतल्यावर गेला असं वाटतं आणि जेवायला बसलं की घासाबरोबर पुन्हा येतो. तो आला की मला दरवर्षी एकच वर्ष आठवतं, आई गेली ते. ती आषाढात गेली, पण आषाढ मला फारसा आठवत नाही. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, बाहेर पाऊस होता आणि मी सारखे चहाचे कप विसळत होते. आठवतो तो भाद्रपद. माणसं आपापल्या घरी गेल्यानंतरचा. बाबांनी एका सकाळी घरामागच्या शेडचं दार लोटलं आणि गाडीवरची ताडपत्री ओढून काढली.

आमचं घर पोलादपूरहून उमरठकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. गाडी म्हणजे जुन्या बांधणीची ॲम्बॅसडर, पुढे बारीक चौकड्यांची जाळी असलेली. बाबांनी ती लग्नाआधी मुंबईतल्या कुणाकडून घेतली, तेव्हाही ती जुनीच होती. पोलादपूरपासून वरच्या वाड्यांपर्यंत ते तिच्यावर भाडी मारायचे. खोऱ्यातल्या कितीतरी नवऱ्यामुली या गाडीतून सासरी गेल्या, कितीतरी बाळंतिणी महाडला जाऊन बाळ घेऊन परत आल्या. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा भाडं नसलेल्या दिवशी बाबा तिला सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन जायचे. ती अंघोळ करून येईपर्यंत गाडीला टेकून उभे राहायचे आणि गाडी मात्र कुंडांपासून लांब लावायचे, कारण तिथल्या वाफेने चकाकी मरते असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे जीपगाड्या आल्या, मग तीनचाकी मिनीडोर आल्या, भाडी कमी होत गेली. मी नोकरीला लागले त्या सुमारास इंजिन बसलं. तेव्हापासून गाडी शेडमध्ये होती.

आईला अचानक बरं नाहीसं झालं त्या सकाळी बाबांनी आधी शेडकडे पाहिलं. मी त्यांच्याकडेच पाहत होते म्हणून मला ते दिसलं. मग ते शेजाऱ्यांच्या जीपसाठी धावले. खोऱ्यातले पेशंट ज्याने महाडला पोचवले, त्याची बायको दुसऱ्याच्या गाडीतून गेली. आम्ही वेळेत पोचलो होतो. उशीर झाला म्हणून असं झालं, असं कुणी म्हणालं नाही. भाद्रपदात बाबांनी पाना आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, एवढंच.

मला वाटलं, इंजिन खोलतील. त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. गाडीच्या अंगावर बाहेरून जे जे चकाकणारं म्हणून असतं, तेवढंच ते काढत बसले. हेडलाइटच्या रिंगा, दारांच्या मुठी, चाकांवरच्या वाट्या, पुढची जाळी, काचेभोवतीच्या पट्ट्या. क्रोमचा मुलामा जागोजागी फुगला होता, कुठे पापुद्रे निघाले होते, कुठे बारीक बारीक तांबडे ठिपके उठले होते. स्क्रू जागचे हलत नव्हते. बाबा त्यांच्यावर रॉकेल सोडायचे आणि वाट पाहत बसायचे. एका स्क्रूपाशी त्यांची अख्खी सकाळ जायची. मी ऑफिसला निघताना ते ज्या मुठीपाशी उकिडवे बसलेले असायचे, परत यायची तेव्हाही तिच्यापाशीच असायचे. रडणारी माणसं मी त्या घरात खूप पाहिली होती त्या दिवसांत. बाबा त्यांच्यात नव्हते. त्यांना मी रॉकेल मुरण्याची वाट पाहताना पाहिलं.

आत्या उमरठहून आली ती थेट शेडमध्येच गेली. ती बाबांपेक्षा मोठी, जिभेला धार असलेली, आणि भावावर जीव टाकणारी. सगळे सुटे भाग गोणपाटावर मांडलेले होते. तिने कमरेवर हात ठेवून ते बघितले.

"आतून मेलेली गाडी, नि तू तिचे दात घासत बसलास? कुणाला दाखवायचेत रे?"

"इंजिनाचं काय गो आक्का," बाबा मान वर न करता म्हणाले, "इंजिन कुणीपण करील."

ती आणखी बरंच बोलली. भात कापणीला येईल, त्याची काही तयारी नाय, आणि हा बाबा नटवतोय गाडी, असं सगळं. मग माझ्याकडे वळून एकदम आवाज खाली आणून तिने विचारलं, तो नीट जेवतो का. मी हो म्हटलं. माझी उत्तरं साधारण एवढीच असतात. महाडच्या इंग्रजी शाळेत गेल्याने मी अशी झाले असं आत्याचं मत आहे. शाळेत मी कमी बोलायचे कारण तिथलं बोलणं माझं नव्हतं. घरी कमी बोलायचे कारण तोवर न बोलण्याची सवय झाली होती. दोन्हीकडे मी पाहत राहायचे.

त्या शाळेच्या फाटकाशी बाबा मला पावसाळ्यात कधीकधी याच गाडीतून सोडायचे. गाडीच्या पुढच्या बंपरवर डाव्या दिव्याखाली आईने दसऱ्याला उमटवलेली कुंकवाची पाच बोटं असायची. दसरा होऊन वर्ष व्हायला आलं तरी तिथे फिकट लाल काहीतरी शिल्लक असायचंच. एकदा माझ्या वर्गातल्या मुलीने विचारलं होतं, रक्त लागलंय का तुमच्या गाडीला? मी नाही म्हटलं. पुढे काय सांगायचं ते मला इंग्रजीतून सुचलं नाही.

सुटे झालेले भाग मुलाम्यासाठी महाडला न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं ऑफिस त्या बाजूला होतं. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याला सकपाळकाकांचं छोटं प्लेटिंगचं दुकान होतं. कुर्ल्याला अशाच कारखान्यात उमेदीची वर्षं काढून ते गावी परतले होते. मग काही आठवडे माझ्या पर्समध्ये डब्याशेजारी गाडीच्या दाराची मूठ असायची, नाहीतर हेडलाइटची रिंग. एसटीत शेजारी बसलेल्या बाईने एकदा पर्समधून डोकावणारी रिंग पाहिली आणि मग उतरेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मनात मात्र मला त्या वजनाचं बरं वाटत होतं. घरातलं काहीतरी उचलून नेण्यासारखं होतं, दुरुस्त होण्यासारखं होतं.

सकपाळकाकांच्या दुकानात शिरलं की आधी घशाला तेजाबाचा वास लागायचा. मग अंधारात एकापुढे एक टाक्या दिसायच्या. निकेलची टाकी गर्द हिरवी, कच्च्या कैरीच्या सालीसारखी. क्रोमची तांबूस काळी, जुन्या काढ्यासारखी. त्यांच्यावर आडव्या दांड्या, दांड्यांना तांब्याच्या तारा, आणि तारांना लटकलेल्या कुणाकुणाच्या वस्तू: मोटरसायकलचे सायलेन्सर, देवळातली समई, नळाच्या तोट्या. सकपाळकाका मोठ्याने बोलायचे, कारण मागे घासायचं कापडाचं चाक सतत घरघरत असायचं. मला ते बेटा म्हणायचे.

"टेन्शन नाय घ्यायचं बेटा. एकदम मख्खन करून देतो."

मी काही विचारलं नाही तरी ते सांगत राहायचे. जुनं क्रोम आधी तेजाबात उतरवायचं. मग चाकावर घासून आतलं लोखंड आरशासारखं करायचं. मग त्यावर तांब्याचा थर, मग निकेलचा आणि सगळ्यात शेवटी क्रोम. लोकांना वाटतं की चमक क्रोमची, पण ती असते घासण्यात. खाली खड्डा असेल तर वर कितीही थर चढवा, खड्डा दिसणारच. म्हणून खड्डा जरासाही शिल्लक असेपर्यंत घासणं थांबवायचं नाही.

एकदा मी गेले तेव्हा आमची एक रिंग नुकतीच तेजाबातून निघाली होती. चकाकी गेलेलं नुसतं लोखंड, बाजारात दुपारपर्यंत न खपलेल्या मासळीच्या रंगाचं. मला ते पाहवलं नाही. आषाढात मी जे पाहिलं होतं, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी त्या रंगात होतं. सकपाळकाकांनी माझा चेहरा पाहिला असावा, कारण ते म्हणाले, घाबरायचं नाय, नवं करायचं तर आधी असंच दिसतं. त्यांना आमच्या घरचं माहीत होतं. महाड-पोलादपुरात अशी गोष्ट सांगावी लागत नाही.

तयार झालेले भाग मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणायचे. बाबा ते खाटेवर, गोधडीवर मांडायचे. भागाभागाने खाट उजळत गेली. खिडकीतून ऊन आलं की तिच्यावरचे कवडसे आढ्यावर हलायचे. पहिली रिंग आली त्या दिवशी बाबांनी ती दोन्ही हातांत धरली, आपला चेहरा त्यात पाहिला आणि आपणहून बोलायला लागले. असं ते फार दिवसांनी बोलत होते.

त्यांचं लग्न तुडीलला झालं. आई तुडीलची, सावित्रीच्या काठची. वरात याच गाडीतून आली. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः सगळं क्रोम चुना आणि मऊ फडक्याने घासलं होतं. गाडी आमच्या दारात थांबली, आई उतरली, आणि आत यायच्या ऐवजी वाकून हेडलाइटच्या रिंगमध्ये बघत राहिली.

"तिचं तोंड त्यात वाकडं दिसलं, तर ही हसली. नवी नवरी, एवढी माणसं बघतायत, नि ही हसतेय. माझी आई जाम चिडली." ते रिंग फिरवत राहिले. "त्या दिवशी अशीच होती गो गाडी. अशीच करायची हाय मला."

तेव्हा मला समजलं की ते गाडी दुरुस्त करत नाहीत, ते तिला एका दिवसापर्यंत मागे नेत आहेत. प्रत्येक मुठीवरचा, प्रत्येक पट्टीवरचा मधला काळ उतरवून टाकायचा आणि त्याखाली तो दिवस सापडतो का ते पाहायचं. मी त्यांना तो दिवस नाकारू शकत नव्हते. पण त्या दिवशी मी नव्हते. मला ठाऊक असलेली आई रिंगमध्ये पाहून हसणारी नवरी नव्हती. ती गुडघे धरून उठणारी, माझ्या वेणीला तेल जास्त लावणारी, फोनवर मोठ्याने बोलणारी बाई होती. तिची सगळी वर्षं त्या फुगलेल्या, ठिपके पडलेल्या क्रोमच्या बाजूला होती. हे मी बाबांना म्हटलं नाही. गोधडीवरची रांग वाढत गेली तसं मला घरात जरा उपऱ्यासारखं वाटायला लागलं, एवढं खरं.

पुढचा बंपर सगळ्यात शेवटी निघाला. त्याचे बोल्ट चिखलाने आणि गंजाने एकजीव झाले होते. तो रविवार होता. बाबांनी बंपर अंगणात आणला, मी रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन आले. उन्हात भाताचा कोवळा, दुधाळ वास येत होता. बाबा एका टोकापासून घासत आले आणि डाव्या दिव्याखालच्या जागेवर थांबले.

"बाकी बंपर बरा हाय. हा इथंच कसा काय खाल्लाय गो?"

पाच खड्डे होते. चार एका कमानीत, पाचवा खाली, जरा लांब. गोटीएवढे, खोलगट, आत काळपट तांबडे. कुंकू केव्हाच पावसाने धुऊन गेलं होतं. मी उकिडवी बसले आणि माझी बोटं त्यांत टेकवली. करंगळी बसली, तिच्या शेजारचं बसलं, अंगठा बसला. मधलं बसेना. तो खड्डा थोडा तिरका होता.

दसऱ्याला गाडीची पूजा आई करायची. गाडी ओवाळून झालं की ती लिंबू कापायची आणि त्याच्या रसात कुंकू कालवायची. पाण्यातलं कुंकू गुळगुळीत क्रोमवरून ओघळतं, लिंबातलं धरून राहतं, असं ती म्हणायची. मग बोटं बुडवून डाव्या दिव्याखाली उमटवायची. उजवी बाजू चालवणाऱ्याची, डावी आपली, कारण ती पुढे डावीकडे बसायची. लावलेलं कुंकू आपल्या हाताने पुसायचं नाही, ते आपलं आपण जाऊ द्यायचं, हा तिचा नेम होता. रोज सकाळी गाडी पुसणारे बाबाही तेवढी जागा फडक्याने चुकवायचे. दरवर्षी ती बोटं त्याच ठिकाणी टेकायची. लिंबाच्या रसाने आणि आमच्याकडच्या दमट हवेने ती जागा आतून खाल्ली होती.

"आईची बोटं आहेत," मी म्हटलं. "दसऱ्याची."

बाबांनी चिंधी खाली ठेवली. हात लेंग्याला पुसला आणि आपली बोटं खड्ड्यांवर ठेवली. त्यांच्या जाड बोटांनी सगळे खड्डे झाकून गेले. मग त्यांनी एकच बोट, अंगाने सगळ्यात बारीक म्हणून करंगळी, त्या तिरक्या खड्ड्यात घातली आणि आत फिरवली.

"हिचं वाकडं बोट," ते म्हणाले. विळा लागून आईचं मधलं बोट वाकडं झालं होतं, लग्नानंतर, माझ्याही जन्मानंतर. मी लहान होते आणि तिच्याबरोबर बांधावर होते.

करंगळी तिथेच ठेवून ते म्हणाले, "ही जागा घासायची नाय."

मी मान हलवली. ज्या दिवसाकडे ते इतके आठवडे एकटे चालले होते, त्याच्या वाटेवर ते थांबले होते, आणि मी उभी होते तिथून त्या जागेपर्यंत फार अंतर नव्हतं.

बंपर द्यायला आम्ही दोघं गेलो. बाबांनी तो फळीवर ठेवला आणि सकपाळकाकांना जागा दाखवली. बाकी सगळं करा, म्हणाले, पण हे पाच खड्डे असेच राहू द्या, इथं चाक लावू नका. सकपाळकाकांनी चष्मा वर करून जागा पाहिली आणि सांगितलं, की खड्ड्यावर मुलामा टिकत नाही, वर्षभरात गंज तिथूनच वर येईल, आणि नव्या बंपरवर ते वाईट दिसेल ते वेगळंच.

"येऊ दे गंज," बाबा म्हणाले. "हाय तसं राहू दे."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. भरल्या दुकानात, चाकाच्या घरघरीत, साठीच्या माणसाने दुसऱ्या माणसाला सांगावं असं ते नव्हतंच. सकपाळकाका हसले. बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, बघतो मी, तुम्ही निर्धास्त जा.

आमच्याकडे नको म्हणणाऱ्याला कुणी नको म्हणू देत नाही. पाहुणा पुरे म्हणाला की वाढणारी बाई आणखी एक डाव भात घालते. तो पानावर हात आडवा धरतो, ती हाताच्या कडेने घालते. राहू दे म्हणणं हा माणसाचा चांगुलपणा आणि ते न ऐकणं हा समोरच्याचा. आईच्या तेराव्यापर्यंत आमच्याकडे शेजारपाजारहून जेवण येत होतं. बाबा रोज सांगायचे की आता नका पाठवू, आणि रोज डबा आदल्या दिवसापेक्षा जड यायचा. पुरे हा शब्द खरोखर पुरे अशा अर्थाने बोलायचा झाला तर तो कसा बोलायचा, हे आमच्याकडे कुणाला शिकवलेलंच नाही.

घटस्थापनेच्या आधी निरोप आला. आम्ही गेलो तेव्हा सकपाळकाका वाटच पाहत होते. बंपर त्यांनी पुढच्या टेबलावर धुतलेल्या पंच्याखाली झाकून ठेवला होता. पंचा ओढून ते बाजूला झाले. मी इतकी स्वच्छ वस्तू कधी पाहिली नव्हती. छताचे वासे, दारातलं आभाळ, रस्त्यावरून जाणारा ट्रक, सगळं त्यात आडवं ताणून दिसत होतं.

"आता बोला, कुठं होते खड्डे?" सकपाळकाका म्हणाले. "शोधून दाखवा. चॅलेंज."

बाबा वाकून पाहत होते. मी त्यांच्या मागे होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा फक्त बंपरमध्ये दिसला, रुंद आणि चपटा.

सकपाळकाका सांगत राहिले. त्यांनी प्रत्येक खड्ड्यात तांबं भरलं होतं. भरलं, घासलं, पुन्हा भरलं, पुन्हा घासलं. कामगारांवर सोपवलं नाही, स्वतः केलं. तुम्ही संकोचाने राहू द्या म्हणालात ते मला तेव्हाच कळलं, ते म्हणाले. आवाज जरा खाली आणला. घरात असं झालेलं, माणूस कशाला कुणाला जास्तीचं काम सांगेल. पण मी म्हटलं, वैनी गेल्या, आपल्याच्यानं दुसरं काय होणार, निदान ह्यांच्या गाडीला एक डाग ठेवायचा नाय. हे माझ्याकडून.

त्यांचे डोळे ओले झाले होते. खरोखर. मला आठवतं, मागचं चाक कुणीतरी बंद केलं आणि दुकानात एकदम शांतता झाली. बाबांनी सरळ होऊन सकपाळकाकांकडे पाहिलं. मला वाटलं आता ते बोलतील, आणि ते बोलायला नकोत असंही वाटलं.

"फर्स्ट क्लास झालंय," बाबा म्हणाले. "एक नंबर."

मग चहा आला. बाबांनी नको म्हटलं, तरी आला. त्यांनी तो सगळा प्यायला. बशीही रिकामी केली.

पुढे त्याच वर्षी इंजिनही झालं. बाबा म्हणाले होते तसं कुणीतरी केलं. गाडी आता चालते. बाबा तिच्यातून आत्याला सवला नेतात, कुंडांपासून लांब उभी करतात. रस्त्यात तरुण मुलं थांबवून फोटो काढतात आणि विचारतात की काका, एवढं ओरिजिनल कसं ठेवलंत. दसऱ्याला आम्ही झेंडूचा हार घालतो आणि नारळ फोडतो. कुंकवाचं कुणी काढत नाही. पहिल्या वर्षी मी वाटी हातात घेतली होती. लिंबूही कापलं होतं. मग मला वाटलं की माझी बोटं सरळ आहेत. मी वाटी देवघरात परत ठेवली. या ऋतूत सगळीकडे गंज दिसतो, पण पुढच्या बंपरवर अजून कुठेही नाही. सकपाळकाकांचं काम पक्कं आहे. मी दरवर्षी भाद्रपदातल्या पहिल्या उन्हात जाऊन पाहते. काय सापडावं अशी माझी इच्छा असते, ते मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी बंपर घेऊन आम्ही मिनीडोरने परत निघालो. मागच्या बाजूला दुसरं कुणी नव्हतं. बंपर गोणपाटात गुंडाळून आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवा ठेवला होता. त्याचं एक टोक माझ्या बाजूने बाहेर येत होतं म्हणून मी ते धरून बसले होते. महाड मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळं झालं होतं आणि उन्हात सगळं फार उजळ दिसत होतं. चालकाने गाणी लावली होती. बाबांनी ती बंद करायला सांगितलं नाही, आणि त्यांना ती ऐकूही येत नसावीत.

थोड्या वेळाने मला गोणपाट हलताना दिसलं. बाबांचा हात त्याच्याखाली गेला होता. तो क्रोमवरून हळूहळू डावीकडे सरकत होता, मध्येच थांबत होता, थोडा मागे येत होता, पुन्हा पुढे जात होता. आंधळ्या माणसाने भिंतीवर बटण चाचपावं तसा. मी बाहेर पाहत असल्यासारखं केलं. हात एका जागी आला, तिथून उठला आणि दुसरीकडे टेकला.

"इथंच होतं ना गो?" त्यांनी विचारलं.

मला नक्की सांगता आलं नसतं. डाव्या दिव्याखाली, एवढं ठाऊक होतं. पण दिवा गाडीवर राहिला होता आणि मांडीवरच्या त्या पत्र्याला ओळखीची एकही खूण उरली नव्हती. मी डोळे मिटून ते अंगण, ती रॉकेलची बाटली, माझी टेकवलेली बोटं आठवून पाहिली. बोटं आठवली. जागा आठवली नाही.

मी गोणपाटाखाली हात घातला, त्यांचा हात धरला, बोटभर डावीकडे नेला आणि म्हटलं, "इथं."

पोलादपूर येईपर्यंत त्यांनी तो तिथून हलवला नाही.